कूलंटच्या बाटलीत इंजिन ऑइल : हेड उघडू की थांबू?

घाटमाथा | शनिवार, ६ जुलै २०२४, रात्री १०:१२

मंडळी, तातडीने सल्ला हवाय. गाडी २०१३ ची डिझेल हॅचबॅक, मॅन्युअल, १,१८,००० किमी. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर धागा तिकडेच वाहत जाईल.

मागच्या रविवारी चिपळूणहून कुंभार्लीमार्गे पुण्याला निघालो होतो. पाऊस दणदणीत. घाट चढून कोयनानगरला चहाला थांबलो. वायपरचं पाणी संपलं होतं म्हणून बॉनेट उघडलं आणि नजर कूलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या) बाटलीवर गेली. एरवी हिरवं पाणी दिसतं तिथे चॉकलेटी काहीतरी. टेंपरेचरचा काटा मध्यावर, धूर नाही, वास नाही. गाडी गार होईस्तोवर दोन चहा झाले. मग फडकं धरून झाकण हळूहळू फिरवलं. आत शिळ्या कॉफीवर धरते तशी साय, पण बोटभर जाड. बोटावर घेतली तर श्रीखंडासारखी उभी राहिली, आणि चोळल्यावर बोटं तेलकट.

डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) बघितली. ऑइल काळंच, दुधाळ वगैरे काही नाही, पण खालच्या खुणेच्याही खाली. पंधरा दिवसांपूर्वी मीच वरच्या खुणेपर्यंत बघितलं होतं. जवळच्या दुकानातून एक लिटर ऑइल घेऊन टाकलं आणि रमतगमत कराडला आलो. तिथून टो करून पुणे.

पहिला गॅरेजवाला बाटलीत डोकावला आणि म्हणाला, "हेड गॅस्केट गेलंय. हेड उतरवून प्लेन करावं लागेल, ३२ ते ३५ हजार धरून चाला." दुसरा म्हणाला, "काही नाही साहेब, एक लिटर रॉकेल टाकून फ्लशिंग मारू, ८०० रुपये द्या."

(हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, गॅस्केट म्हणजे तो आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग.) एकाचे ३५ हजार, दुसऱ्याचे ८००. खरं कुठे असेल? फोटो जोडलाय.

बाकरवडी | शनिवार, रात्री १०:३१

फोटो बघितला. यंदा दसऱ्याला बासुंदी. (हलके घ्या.)

तेरा नंबर | शनिवार, रात्री १०:५०

सगळ्यात आधी, गाडी आता चालू करू नका. कोयनानगरहून कराडपर्यंत तरी कशाला आणलीत? नशीब चांगलं.

रॉकेलवाल्याला कोपरापासून नमस्कार. कूलिंगचे होस पाईप ज्या रबराचे असतात त्याला खनिज तेलाचं वावडं असतं. इंजिन ऑइलने ते आधीच फुगायला लागलेत, त्यात रॉकेल म्हणजे उरलंसुरलं काम तमाम. शिवाय तापलेल्या इंजिनाभोवती रॉकेल, त्यावर आणखी काय बोलायचं.

दोन-तीन गोष्टी सांगा. सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर मिनिटभरात वरचा होस दगडासारखा कडक व्हायचा का? बाटलीत बुडबुडे? मागे पांढरा धूर? पिकअप कमी?

घाटमाथा | रविवार, ७ जुलै, सकाळी ७:४०

चारही प्रश्नांना "नाही". होस कडक तर नाहीच, उलट खालचा होस दाबल्यावर नको तितका लिबलिबीत लागतोय.

निवृत्त फोरमन | रविवार, सकाळी ८:१५

आमच्या वेळी पाण्यात तेल दिसलं की हेड पॅकिंग, दुसरं काही नसायचंच, कारण बहुतेक गाड्यांना वेगळा ऑइल कूलर नव्हता. पण पहिल्या गॅरेजवाल्याने नुसतं डोकावून ३५ हजार सांगितले हे पटलं नाही. न तपासता पाना लावायचा नाही, हे आम्हाला उस्तादाने फटके देऊन शिकवलंय.

साफसफाईचं म्हणाल तर आम्ही रेडिएटर उतरवून कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात भिजवायचो, मग रेडिएटरवाल्याकडून रॉडिंग, म्हणजे नळ्यांत सळई घालून गाळ काढणं. नव्यासारखा व्हायचा.

अनुस्वार | रविवार, सकाळी ९:०२

फोरमनकाका, तुमचे रेडिएटर तांब्या-पितळेचे होते. आता गाभा ॲल्युमिनियमचा आणि दोन्ही टोकांना प्लॅस्टिकच्या टाक्या, नुसत्या दाबून बसवलेल्या. रॉडिंगसाठी उघडायलाच जमत नाही. आणि कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला अक्षरशः खातो, फसफसून हायड्रोजन सुटतो. आजच्या गाडीत चुकूनही नको.

घाटमाथा, मला वाटतं तुमचा ऑइल कूलर गेलाय. (चाकणला सुट्या भागांच्या कंपनीत चाचणी विभागात आहे, थोडं त्या सवयीने लिहिते.)

तुमच्यासारख्या बऱ्याच डिझेल इंजिनांत ऑइल फिल्टरच्या घराला चिकटून एक छोटी चौकोनी वीट असते. पातळ पत्र्यांची चवड एकमेकांना झाळून केलेली. एका थरातून ऑइल, शेजारच्या थरातून कूलंट, मध्ये पत्रा मिलिमीटरभरही नाही. इंजिन चालू असताना ऑइलचं प्रेशर ३ ते ५ बारपर्यंत जातं, कूलंटचं बाटलीच्या झाकणाने धरलेलं असतं १ ते दीड बार. मध्ये एखादी झाळ सुटली की ऑइलच कूलंटमध्ये घुसणार. म्हणून तुमची डिपस्टिक स्वच्छ आणि बाटलीत श्रीखंड.

इंजिन बंद केलं की उलटं होतं. ऑइल पंप थांबला, ऑइलचं प्रेशर शून्य. कूलंट मात्र गरम आहे तोवर प्रेशर धरून बसतं. तेव्हा थोडं पाणी ऑइलमध्ये जाऊ शकतं. त्यामुळे आज डिपस्टिक स्वच्छ आहे म्हणून ऑइल तसंच ठेवू नका. पाणी मिसळलेल्या ऑइलने बेअरिंग गेलं, तर ३५ हजारांत आटपायचं नाही.

तेरा नंबर | रविवार, सकाळी ९:२०

ताईंना +१. एकच भर घालतो. नुसत्या लक्षणांवरून गॅस्केटला पूर्ण क्लीन चिट देता येत नाही. हेडला ऑइल पोचवणारी वाट ब्लॉकमधून गॅस्केटच्या भोकातूनच वर जाते. ते भोक आणि पाण्याचं भोक यांच्यामध्येच गॅस्केट फाटलं, तर सिलिंडरचा गॅस कुठेच येत नाही. बुडबुडे नाहीत, धूर नाही, होस कडक नाही, चित्र हुबेहूब तुमच्यासारखं. निळ्या पाण्याची ती टेस्ट असते ना, बाटलीच्या तोंडाशी धरायची, गॅस आला तर निळा रंग बदलतो? ती पण इथे फसते, कारण ती फक्त जळालेला गॅस पकडते.

म्हणून कूलर उतरवून तोच तपासा. चार बोल्ट आणि दोन पाईपचं काम आहे, हेडला हात लावायला लागत नाही. कूलर फुटका निघाला तर चोर सापडला. चांगला निघाला, तर मग हेड.

डी मोड | रविवार, दुपारी १:३३

अवांतर आहे, पण कुणाला उपयोगी पडेल. माझी गाडी ऑटोमॅटिक. माझ्या बाटलीत दोन वर्षांपूर्वी चॉकलेटी नव्हे, गुलाबी दूध निघालं होतं. डिट्टो रोझ मिल्क. गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर माझ्या गाडीत रेडिएटरच्या टाकीतच बसवलेला आहे, तो आतून फुटला. मी "रेडिएटर बदलला, झालं" म्हणून निवांत बसलो. पण पाणी उलट्या वाटेने गिअरबॉक्समध्ये पण गेलं होतं. आतल्या क्लच प्लेटांचं अस्तर पाण्याने सुटतं. तीन महिन्यांत गिअरबॉक्स झटके द्यायला लागला. त्याचा आकडा इथे लिहीत नाही, घरचेही धागे वाचतात.

गुलाबी दिसलं तर गिअरबॉक्सचं तेल त्याच दिवशी काढा, एवढंच.

पहिलीच गाडी | रविवार, दुपारी ४:०५

हा धागा वाचून घाबरून माझी बाटली बघितली. माझ्यातही तपकिरी गाळ आहे!! मी पण गेलो का?

अनुस्वार | रविवार, दुपारी ४:४०

घाबरू नका, तपकिरी म्हणजे तेलच असं नाही. गंज असू शकतो. हिरव्यात लाल कूलंट मिसळलं की काही वेळा जेलीसारखा गाळ होतो. गळती बंद करायची पावडर कुणी टाकून ठेवली असेल तरी असंच दिसतं.

गाडी गार असताना चमचाभर गाळ काढा आणि वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ठेवून वाळू द्या. तेल असेल तर भज्यांच्या कागदासारखा आरपार डाग राहील. गंज असेल तर कोरडी विटकरी भुकटी. दुसरं, काचेच्या ग्लासात थोडं गरम पाणी घालून हलवून रात्रभर ठेवा. गंज तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते.

पहिलीच गाडी | सोमवार, ८ जुलै, सकाळी ८:१०

तळाशी बसलं! कागदावर भुकटी! आजोबा टाकीचं पाणी टॉपअप करत होते असं कळलं. धन्यवाद ताई.

घाटमाथा | शनिवार, १३ जुलै, रात्री ९:२५

अपडेट. तिसरा मिस्त्री शोधला, तो समोर उभं राहून बघू देणारा निघाला. ऑइल आणि फिल्टर काढलं, मग कूलर. हाताच्या तळव्याएवढी वस्तू, दिसायला काही दोष नाही. मिस्त्रीने कूलंटची दोन्ही तोंडं मोकळी ठेवली, ऑइलचं एक तोंड रबर लावून बंद केलं, दुसऱ्यातून ४ बार हवा दिली आणि बादलीत बुडवला.

एक बुडबुडा नाही. दोन मिनिटं बघत बसलो. माझ्या डोळ्यांपुढे ३५ हजार.

मग तो म्हणाला, "थांबा, गार पाण्यात हा खोटं बोलतो." आतल्या खोलीतून गिझरचं कडकडीत पाणी आणलं, कूलर पाच मिनिटं त्यात ठेवला, पुन्हा हवा दिली. आणि कूलंटच्या तोंडातून मोत्यांच्या सरीसारखे बारीक बुडबुडे यायला लागले. पत्रा तापून फुगला की चीर उघडते, गार झाला की मिटते.

कारण विचारलं तर त्याने मलाच विचारलं, "पाणी कुठलं टाकता?" खरं सांगायचं तर गेली तीन वर्षं गावी गेलो की विहिरीचं पाणी टॉपअप करत होतो. कूलंट म्हणजे नुसता रंग नाही, गंज रोखणारी द्रव्यं असतात त्यात, ती पातळ होत होत संपली, आणि आतून पत्रा खाल्ला गेला, असं त्याचं म्हणणं. आजोबांना हसणाऱ्या मंडळींनी मलाही हसून घ्यावं.

नवा कूलर पॅकिंगसह बसवला. हेड वाचलं. आता आतलं श्रीखंड कसं काढायचं?

बाकरवडी | शनिवार, रात्री ९:३१

चमच्याने.

घाटमाथा | शनिवार, रात्री ९:४०

हसू नका, बाटलीतलं खरंच चमच्याने काढलं. पण नुसत्या पाण्याने फ्लश केलं तर पाणी पांढरं येतं, दुसऱ्यांदा पांढरं, तिसऱ्यांदाही पांढरंच.

तेरा नंबर | शनिवार, रात्री १०:१५

कारण इथे नेहमीचं गणित चालत नाही. समजा सिस्टिम ६ लिटरची. खालचा होस काढला की त्यातलं जेमतेम निम्मं बाहेर येतं, उरलेलं ब्लॉक आणि हीटरमध्ये राहतं. रंग किंवा जुनं कूलंट असेल तर दर फेरीला निम्मं होत पाचव्या फेरीत बत्तिसावा हिस्सा उरतो. तेलाची साय मात्र पाण्यात विरघळत नाही, भिंतींना चिकटून बसते. पाणी कितीही बदला, ती जागची हलत नाही. तिला साबणच लागतो, आणि तोही गरम.

भांड्यांचा लिक्विड साबण नको. मी ती चूक केलीय. वॉटर पंपाने त्याचा असा फेस घुसळला की बाटलीच्या तोंडातून गणपतीच्या मखरावरच्या कापसासारखा बाहेर. फेस म्हणजे हवा, आणि हवा अडकली की गाडी तापते. डिशवॉशर मशीनची पावडर आणा, ती बिनफेसाची असते आणि तेलकटपणावरच मारा करते. २-३ चमचे गरम पाण्यात पूर्ण विरघळवून, गाळून टाका.

निवृत्त फोरमन | शनिवार, रात्री १०:३४

थर्मोस्टॅट वॉल काढून ठेवा. नाहीतर ८०-८५ डिग्रीपर्यंत रेडिएटरकडे पाणी जातच नाही, साबण अर्ध्या रस्त्यात फिरत बसतो. आणि हीटर पूर्ण गरमवर ठेवा. आपल्याकडे हीटर कुणी लावत नाही म्हणून सगळे विसरतात, आणि सगळा गाळ तिथेच जाऊन बसतो. या बाबतीत अजून मी कालबाह्य झालो नसेन अशी आशा.

अनुस्वार | शनिवार, रात्री १०:४८

काका, अजिबात नाही. हीटरचे दोन पाईप सोडवून बागेच्या नळीने हलक्या धारेने उलट दिशेने पाणी सोडलं तर अजून उत्तम. जोर नको, तो गाभा नाजूक असतो.

डिशवॉशरबद्दल एक इशारा. दुकानात त्याच फळीवर "डिशवॉशर सॉल्ट" असतं. ते चक्क मीठ आहे. ते टाकलंत तर ॲल्युमिनियमची वाट. पावडरही अल्कधर्मी असते, म्हणून रात्रभर आत ठेवायची नाही. गरम करायची, अर्धा तास फिरवायची, गार झाली की काढायची. नंतर साबणाचा अंश जाईपर्यंत पाणी.

म्युनिककर | रविवार, १४ जुलै, पहाटे २:२०

हे दहा-बारा बादल्या पांढरं पाणी टाकणार कुठे? इथे जुनं कूलंट डब्यात भरून पालिकेच्या घातक कचऱ्याच्या संकलनात द्यावं लागतं. तिकडे तशी सोय घराजवळ नसेल, पण निदान पहिलं, खरं कूलंट असलेलं पाणी वेगळं काढा. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि किडनी निकामी होऊन मरतात. उघड्या टबात अजिबात ठेवू नका.

घाटमाथा | रविवार, सकाळी ८:०५

बरं झालं सांगितलंत. सोसायटीत चार कुत्री आहेत, काल टब रात्रभर पार्किंगमध्येच होता. वर फळी ठेवली होती, तीही गाडीवर शिंतोडे उडू नयेत म्हणून. आत्ता सगळं कॅनमध्ये भरलं. मिस्त्री जुनं ऑइल गोळा करणाऱ्याला देतो, त्यालाच हेही वेगळ्या कॅनमधून देणार आहे.

घाटमाथा | रविवार, २८ जुलै, रात्री ९:५०

तीन शनिवार-रविवार गेले. साबणाच्या चार फेऱ्या, साध्या पाण्याच्या नऊ. हिशेब ठेवायला बॉनेटच्या आतल्या बाजूला खडूने रेघा मारत होतो, लहानपणी कॅरमला मारायचो तशा.

पहिल्या साबणाला जे बाहेर आलं ते पाणी म्हणायच्या लायकीचं नव्हतं. चहात दूध फाटतं तसे गोळे. दुसऱ्या फेरीला दाट ताक, तिसरीला पातळ ताक, चौथीला तांदूळ धुतल्यासारखं. त्यानंतर नुसतं पाणी, थोडा साबणाचा बुळबुळीतपणा, मग तोही गेला. हीटरच्या पाईपातून मात्र उलटी धार सोडल्यावर शेवटपर्यंत चॉकलेटी कण येत होते. फोरमनकाका, तुम्ही बरोबर होतात.

बाटली कितीही धुतली तरी आतले कप्पे स्वच्छ होईनात, म्हणून नवीच घेतली. खालचा, वरचा आणि हीटरचा एक असे तीन होस बदलले. जुना खालचा होस कापून बघितला, आतलं रबर भिजलेल्या बिस्किटासारखं, नखाने निघत होतं. हा हायवेवर फुटला असता. थर्मोस्टॅटही नवा.

शेवटच्या तीन फेऱ्या डिस्टिल्ड पाण्याच्या. आता प्रश्न असा, कूलंट तयार मिसळलेलं घेऊ की कॉन्सन्ट्रेट?

तेरा नंबर | रविवार, रात्री १०:१०

कॉन्सन्ट्रेटच. तुमच्या सिस्टिममध्ये आत्ता निम्मं, म्हणजे ३ लिटर नुसतं पाणी अडकलंय. तयार मिसळलेलं टाकलंत तर ते आणखी पातळ होऊन २५ टक्क्यांवर येईल. ३ लिटर कॉन्सन्ट्रेट गेलं की आपोआप ५०-५०. मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या प्रकारचंच घ्या, नुसता रंग बघून नको. मग हवा काढायचा स्क्रू असेल तर तो उघडून हवा काढा, फॅन दोनदा लागेपर्यंत चालू ठेवा, गार झाल्यावर पातळी बघा.

आणि ५००-१००० किमीनंतर ऑइल-फिल्टर पुन्हा बदला.

पहिलीच गाडी | रविवार, रात्री १०:२२

एकूण खर्च किती झाला दादा?

घाटमाथा | रविवार, रात्री १०:५८

कूलर पॅकिंगसह ४,८००. ऑइल आणि फिल्टर २,६००. होस, थर्मोस्टॅट, बाटली मिळून ५,९००. कॉन्सन्ट्रेट १,१००. डिस्टिल्ड पाणी ४० लिटर, ८००. मजुरी ३,५००. एकूण १८,७००. पावडर शेजारच्यांच्या डिशवॉशरची, तिचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, पण कशासाठी हवी हे तीनदा विचारलं.

डी मोड | सोमवार, २९ जुलै, सकाळी ९:१५

माझ्यापेक्षा स्वस्तात सुटलात. वाचनखूण साठवली.

घाटमाथा | रविवार, १७ नोव्हेंबर २०२४, रात्री ८:३०

धागा वर काढतोय. दिवाळीत पुन्हा चिपळूण, चार माणसं आणि डिकी भरून सामान. येताना कुंभार्ली दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर चढलो, काटा हलला नाही. कामानंतर आजवर ४,२०० किमी. मध्ये ऑइल-फिल्टर पुन्हा बदललं, जुनं ऑइल स्वच्छ निघालं. पहिल्या महिन्यात बाटलीत वर तेलाचा बारीक तवंग यायचा, ऊन पडलं की इंद्रधनुष्य दिसायचं. दर रविवारी टिशू पेपर टेकवून उचलत होतो. सप्टेंबरपासून तोही नाही.

कोयनानगरला त्याच टपरीवर थांबलो, बॉनेट उघडलं. टपरीवाल्याने ओळखलं. म्हणाला, "आज किती चहा?"

फक्त बाटलीच्या झाकणाच्या आट्यांत अजून जरासं चॉकलेटी दिसतंय. झाकण जुनंच वापरलं होतं.

तेरा नंबर | रविवार, रात्री ८:४४

१८,७०० घातलेत आणि झाकण जुनं? त्यातल्या रबरी वायसरनेही ऑइल प्यायलंय. प्रेशर धरायचं काम त्याचंच आहे. उद्या बदला.

घाटमाथा | सोमवार, १८ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:०५

बदललं. ३४० रुपये. एकूण १९,०४०.